आप्पा चहाला गेल्यावर

मी याद्या करते. दोनशे पानी वही, डाव्या हाताला आखलेला समास, वर बक्कल आणि मागे खिसा असलेलं कव्हर, तेच दर नव्या वहीला चढतं. सकाळी कामं लिहायची, झालं की समासात खूण करायची आणि राहिलं ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायचं. नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायला लागल्यापासून अशा दोन वह्या वर्षाला भरतात. एकही फेकलेली नाही. कपाटाचा खालचा खण त्यांनीच भरला आहे आणि घरातले त्यावरून हसतात.

त्यांतल्या सात वह्यांत एक काम रोज उतरवलेलं सापडेल. ‘पानाचं बघणे.’ साडेतीन वर्षं मी ते पुढच्या दिवसावर ढकलत राहिले. ते कसलं पान, ते आता लिहून टाकते.

आमचं हॉस्पिटल जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे आणि त्याला जोडून नर्सिंग स्कूल. वर्गात निम्म्या मुली तापीकाठच्या आणि सपाटीवरच्या, निम्म्या सातपुड्यातल्या. सपाटीवरच्या आपसात अहिराणी बोलतात, डोंगरातल्या पावरी किंवा भिली, आणि माझ्याशी सगळ्याच पुस्तकी मराठी. मी त्यांना शुश्रूषेचे सिद्धांत शिकवते. मुलींना हा विषय नको असतो. त्यांचे हात इंजेक्शन द्यायला, नाडी मोजायला शिवशिवत असतात आणि मी फळ्यावर चार चौकोन काढून उभी असते: व्यक्ती, परिसर, आरोग्य, शुश्रूषा. प्रत्येक सिद्धांत या चारांबद्दल काहीतरी म्हणतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पास व्हाल, असं मी सांगायचे.

ते पान ज्या वर्षीचं, त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, डोंगरातल्या धडगावकडच्या एका पाड्यावरची मुलगी बसायची. बारीक चण, केसांना भरपूर तेल, टपोरं अक्षर. उजळणीचा तास होता. ती प्रश्न विचारायला उभी राहिली की उत्तर मिळेपर्यंत बसायची नाही.

"मॅडम, परिसरात माणसं येतात का?"

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "येतात ना. हॉस्टेलच्या परिसरात वॉचमनकाका येतात."

"परिसर म्हणजे हवा, उजेड, पाणी, स्वच्छता, आवाज," मी म्हणाले. "लिहून घे. पाच मार्कांना येतं."

"पण पेशंटजवळ जो बसतो, तो कशात लिहायचा?"

"तो नातेवाईक. तो कशातच लिहायचा नाही. बस आता."

ती बसली. वहीत ‘परिसर’ या शब्दापुढे तिने पेन्सिलीने छोटं प्रश्नचिन्ह काढलं. वह्या तपासताना मला ते दिसलं आणि मी तिला ते खोडायला लावलं.

सिद्धांत वॉर्डात उतरले पाहिजेत, असं मी नेहमी म्हणायचे आणि माझ्या पद्धतीने ते उतरवलेही होते. पूर्वी ड्यूटी बदलताना तोंडी निरोप चालायचा: ‘चारला सलाईन, पाच बरी, सहा घरी जायचं म्हणते.’ मी माणसाच्या मूलभूत गरजांच्या सिद्धांतावरून एक नोंदपत्रक केलं. श्वास, आहार, हालचाल, झोप अशा चौदा गरजा पुस्तकातल्या, आणि पंधरावी ओळ माझ्या पदरची, वेदना. त्याचा उपयोग झाला, हे खोटं नाही. हालचालीची ओळ होती म्हणून कोपऱ्यातल्या म्हातारीला कुशीवर शेवटचं कधी वळवलं, हे कुणाला तरी विचारावं लागायचं. पाठीला जखमा होणं कमी झालं. मेट्रननी कौतुक केलं. वॉर्डातल्या मावशी मात्र झाडू थांबवून म्हणाल्या, "मॅडम, तुमना कागद भराई गया, पन पेशंटनं पोट कोन भरी?" मी हसले आणि यादीत लिहिलं, ‘मावशींना समज देणे.’

प्रसूती वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर तापीकाठच्या एका गावची सून आली. बावीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, सिझेरियन. मुलगी झाली, बाळ छान होतं. सासू हयात नव्हती, नवरा केळीच्या कापणीत अडकलेला, आई स्वतःच आजारी. रात्री नणंद यायची आणि दिवसभर सासरे बसायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणत. वॉर्डात पुरुष नातेवाइकांनी थांबू नये, हा नियम मीच टाइप करून दाराला लावला होता. पण आप्पा माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, आमच्याच गुजर समाजातले आणि सोबतीला दुसरं कुणी नाही. मी मेट्रनना म्हणाले, बसू द्या. त्यांना दाराजवळ स्टूल दिलं. तासाभरात ते स्टूल खाटेशी आलं.

आप्पा चांगले होते, हे सांगायलाच हवं. डाळिंबाचे दाणे सोलून वाटीत ठेवायचे. नातीवर माशी बसू नये म्हणून टॉवेलने वारा घालायचे. राऊंडला कुणी आलं की उठून उभे राहायचे आणि उत्तर तेच द्यायचे.

"काही दुखतंय का हिला?"

"काहीच दुखत नई, सिस्टर. आमनी सून मोठी कट्टर शे. जराबी कुरकुर नई."

सुनेने हॉस्पिटलच्या गाउनवर ओढणी घेतलेली असायची, हनुवटीपर्यंत ओढलेली. ती ओढणी आडवी हलायची. नाही. पत्रकावर पंधराव्या ओळीत सिस्टर लिहायची: वेदना, नाही.

आमच्या घरांत याला लाज काढणं म्हणतात. सून सासऱ्यांना चेहरा दाखवत नाही आणि त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही. मीही लाज काढली आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझी दाढ सुजली होती. सासरे ओसरीवर पंप खोलून बसले होते आणि तीन दिवस त्यांचं काम संपेना. चौथ्या दिवशी ते शेतात गेले तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं. ऐकल्यावर सासरे स्वतः गाडी शोधायला धावले. एवढे चांगले होते आणि तरीही मी तीन दिवस गप्प होते. पुढे नोकरी लागली, पदर खांद्यावर आला आणि मी ते विसरले. किंवा विसरले नाही. ते घरचं, हे हॉस्पिटलचं, असे दोन कप्पे केले आणि मधला दरवाजा लावून घेतला.

धडगावकडच्या त्या मुलीची पोस्टिंग त्याच वॉर्डात होती. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा चहा प्यायला खाली गेले. मुलगी खाटेजवळ गेली, पडदा ओढला, ओढणी बाजूला केली आणि विचारलं. सून बोलली नाही. तिने मुलीचा हात धरला, पोटाच्या डाव्या बाजूला खाली ठेवला आणि दाबून धरला. डोळ्यांतून पाणी आलं. दारात आप्पांच्या चपला वाजल्या तशी ओढणी पुन्हा खाली.

मुलीने ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगितलं. सिस्टरने पत्रक पाहिलं, आप्पांना विचारलं, आप्पा म्हणाले, काही नाही. सिस्टरच्या अंगावर तेव्हा अख्खा वॉर्ड होता. मग मुलीच्या हातात जे होतं ते तिने केलं. विद्यार्थिनी आपापल्या पेशंटचा जो केअर प्लॅन फाइलमध्ये लिहितात, त्यात लिहिलं.

संध्याकाळी बारा फाइली तपासायला माझ्याकडे आल्या. तिच्या पानावर ‘रुग्ण काय सांगते’ या रकान्यात होतं: ‘पोटाच्या डाव्या बाजूला खाली दुखते. हात ठेवून दाखवले.’ आणि ‘परिचारिकेची कृती’ या रकान्यात पहिलीच ओळ: ‘सासरे चहाला गेल्यावर विचारावे.’

मी लाल पेन घेतलं. रुग्ण बोलली नाही, मग हे ‘काय सांगते’ मध्ये कसं? ‘काय दिसते’ मध्ये जायला हवं. रकाना चुकला, दोन मार्क कमी. चहाच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘ही नर्सिंग कृती नाही. शास्त्रीय भाषा वापरा.’ मग तिला बोलावलं. खाडाखोड झालेलं पान फाइलमध्ये राहू द्यायचं नाही, ते काढून नव्याने लिहायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. ती मीच घातली होती.

"मग दुखतं ते कुठे लिहू, मॅडम?"

"पत्रकात काय आहे?"

"वेदना नाही."

"मग एका फाइलमध्ये दोन गोष्टी कशा चालतील? उद्या मी स्वतः विचारते. तोवर पत्रकाप्रमाणे लिही."

तिने माझ्या टेबलाशी उभं राहून लिहिलं. जुनं पान मी घडी घालून वहीच्या मागच्या खिशात सरकवलं, कारण मी काहीच फेकत नाही. आणि यादीत लिहिलं, ‘सात नंबर, वेदना विचारणे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. हे काम मी टाळलं नाही, आणि तेच जास्त लागतं. आप्पा स्टुलावर होते. मला बघून उठले, नमस्कार केला, माझ्या सासऱ्यांची तब्येत विचारली. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाले, "दुखतंय का गं बाळा?" ओढणी आडवी हलली.

मुलगी माझ्यामागे ट्रे घेऊन उभी होती. हळूच म्हणाली, "मॅडम, आप्पांना चहाला पाठवू का?"

"नातेवाइकांच्या चहाची व्यवस्था आपलं काम नाही," मी म्हणाले आणि यादीत खूण केली.

त्याच संध्याकाळी सुनेला थंडी वाजून ताप चढला. डॉक्टरांनी पोट तपासलं. आत रक्त साकळलं होतं आणि त्यात पू झाला होता. आमच्याकडे सोय नव्हती. नवापूरमार्गे सुरतला हलवलं. तिथे गर्भपिशवी काढावी लागली. सून वाचली.

मधला तो एक दिवस मिळाला असता तर पिशवी वाचली असती का, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं आहे. एक म्हणाले, कदाचित. दुसरे म्हणाले, मॅडम, असं विचारू नका.

आठवड्याने चौकशीची बैठक झाली. अधीक्षक, प्राचार्य, मेट्रन, ती सिस्टर आणि मी. टेबलावर सात नंबरची फाइल. पत्रकाच्या सगळ्या ओळी भरलेल्या. केअर प्लॅन स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही: ‘वेदना: नाही.’ खाली विद्यार्थिनीची सही. तिला आत बोलावलं.

"पेशंटला दुखत होतं हे तुला माहीत होतं, असं तू बाहेर सांगतेस?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो सर. मी सिस्टरना सांगितलं होतं. आणि लिहिलं होतं."

सिस्टर म्हणाली, "मी विचारलं होतं, सर. नातेवाईक नाही म्हणाले."

"लिहिलेलं कुठे आहे?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या मांडीवर होती. मागच्या खिशातून पानाची कड बाहेर दिसत होती. मी म्हणाले, "खाडाखोड झालेली पानं आपण पुन्हा लिहून घेतो, सर. तशी पद्धत आहे."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणून तर ते वाक्य मला सुचलं. रुग्णाची बाजू मांडणं हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत होते. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलावं, पुरावा समोर ठेवावा, वरिष्ठांपुढे कचरू नये. असे पाच मुद्दे आहेत आणि मुली ते घडाघडा म्हणतात. त्या खोलीत मी कचरले. शाळेची तपासणी जवळ आली होती, माझं पत्रक जिल्ह्यात दाखवायचं चाललं होतं. कारणं इतकीच होती. घरी येऊन मोठी कारणं शोधली, सापडली नाहीत.

मुलीची सहा महिने पोस्टिंग पुन्हा आणि घरी पत्र, असं ठरलं. मसुदा माझ्याकडे आला, कारण माझी भाषा स्वच्छ आहे असं सगळे म्हणतात. ‘रुग्णाच्या वेदनेची नोंद घेण्यात निष्काळजीपणा’ असं मी लिहिलं. शिक्का बसला, पत्र गेलं. मुलगी दिवाळीला घरी गेली ती परत आली नाही. तिची पेटी महिनाभर हॉस्टेलच्या जिन्याखाली होती, मग कुणीतरी घेऊन गेलं.

पुढच्याच महिन्यात मी पत्रक बदललं. वेदनेच्या ओळीखाली एक नवी ओळ: ‘जवळचा नातेवाईक बाहेर असताना विचारले का?’ वॉर्डात तिचं नाव पडलं, ‘आप्पांना चहा’. एखादी गप्प दिसली की सिस्टर नुसतं म्हणायची, "मावशी, आप्पांना चहा." आप्पांनंतर दारावरचा नियम सैलच झाला होता. मावशी मग सासऱ्याला, जेठाला म्हणजे थोरल्या दिराला, कधी सासूलाही उठवून खाली कॅन्टीनला न्यायच्या. "चाला आप्पा, चहा उकळी ऱ्हायना." एक म्हातारे वैतागून म्हणाले, "सकायपासून चार कप व्हयनात, सिस्टर. आते मालेच भरती करा."

आणि ओढण्यांखालून गोष्टी बाहेर यायला लागल्या. टाक्यांतला ताप, अंगावरचं जाणं, एकीच्या पाठीवरचे वळ. फळ्यावरच्या दुसऱ्या चौकोनात मी आता माणसं लिहिते. जो शेजारी बसतो तो परिसर आहे, त्याच्यामुळे उजेड कमी-जास्त होतो, असं सांगते. सिद्धांत तेव्हाही हेच सांगत होते. मी त्यांतून रकाने तेवढे घेतले होते.

जिल्ह्याच्या एका कार्यशाळेत मला यावर बोलायला बोलावलं. शाल, श्रीफळ, फोटो. एका तरुण सिस्टरने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"अनुभवातून," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या दिवशीच्या यादीतही ‘पानाचं बघणे’ होतं आणि समास कोरा होता.

एकदा ब्राह्मणपुरीकडे जाणाऱ्या बसमध्ये आप्पा भेटले. मांडीवर नात, शेजारी ओढणीतली सून. मला बघून त्यांनी उठून जागा दिली. "मॅडम, तुमी त्या टाइमले भलती धावपळ करी व्हती. आमी इसरनार नई," म्हणाले. नात माझ्या वहीचं बक्कल ओढत होती. मी दोन स्टॉप आधीच उतरले.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला मुलींना घेऊन समाज आरोग्याच्या पोस्टिंगसाठी धडगावच्या वरच्या एका उपकेंद्रात गेले. तिथली आशाताई रजिस्टर घेऊन आली. तीच होती. शेजारच्या पाड्यात लग्न होऊन, एका मुलाची आई झालेली.

"मॅडम, तुम्ही? केस पांढरे केले?"

"केले नाहीत, झाले."

ती हसली. दुपारभर तिने आम्हाला घरोघर फिरवलं. माझ्या विद्यार्थिनी तिला ताई म्हणत होत्या. एका अंगणात तिनेच विषय काढला, अगदी सहज. "माझ्या घरी माझी आई माझ्या आजाशी, तिच्या सासऱ्याशी, तोंडावर भांडते, मॅडम. कोंबडीवरून पण भांडते. म्हणून ती सात नंबरवाली गप्प होती ना, ते मला विचित्र दिसलं. तुम्हाला रोजचं होतं, म्हणून दिसलं नसेल."

एवढं तिने माझ्यासाठी निमित्त शोधून ठेवलं होतं. मला वाटलं, हीच वेळ आहे. वहीच्या खिशातून पान काढून तिच्या हातात दिलं. साडेतीन वर्षं मी ठरवत होते की हे दिलं की मोकळी होईन.

तिने घडी उघडली. आपलं अक्षर ओळखलं, लाल रेघ बघितली. मग वर बघितलं.

"हे तुम्ही सांभाळून ठेवलं होतं?"

"हो."

"मीटिंगच्या दिवशी पण होतं?"

"वहीतच होतं."

"मला वाटायचं, तुम्ही फाडलं असेल," ती म्हणाली. "फाडलं असतं तर तुम्ही तरी काय दाखवणार, असं मी नवऱ्याला पण सांगायची."

निमित्त संपलं. तिने पानाची पुन्हा तशीच घडी घातली आणि ते माझ्या हातात परत दिलं. माझ्या विद्यार्थिनी शेजारच्या घरी बाळाचं वजन करत होत्या, त्यांचा गलका ऐकू येत होता. मी माफी मागितली. तिने ती ऐकली आणि रजिस्टर आवरायला लागली.

थोड्या वेळाने म्हणाली, "मला काही नको. कोर्स गेला तो गेला. पण शाळेचं पत्र आलं होतं ना, ते मास्तरांनी सगळ्यांसमोर वाचलं. माझा बाप तेव्हापासून म्हणतो, तुझ्या हातून बाई बिघडली. माझ्या पोराला ताप आला तर तो मला औषध देऊ देत नाही, उपकेंद्रातून दुसऱ्या कुणाला बोलावतो. त्याच्यासाठी लिहून द्या. शिक्का पाहिजे. शिक्का मारून खोटं आलं, मग खरं बिनशिक्क्याचं तो मानणार नाही. तो अजून दोन आठवडे इथे आहे, मग टोळीबरोबर गुजरातला ऊस तोडायला जाईल."

खाली आल्यावर मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. ‘विद्यार्थिनीने वेदनेची नोंद वेळेत केली होती. ती नोंद मी काढायला लावली. दोष तिचा नाही.’ प्राचार्य आता नवे आहेत. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "जुनं कशाला उकरता, मॅडम? आणि उकरायचंच तर ‘मी’ कशाला? ‘अनवधानाने नोंद राहून गेली’ असं लिहा, शिक्का मारतो."

मी नाही म्हणाले. पानाची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली. मग रोज दहा वाजता त्यांच्या दारात जाऊन उभी राहायला लागले. माझ्या पाच मुद्द्यांत दारात उभं राहणं नव्हतं. ते मला या वयात कळलं. पाचव्या आठवड्यात त्यांनी शिक्का मारला, ‘मी’ तसाच ठेवून. कोर्सचं विचारलं तर म्हणाले, मुदत संपली, आता काही होत नाही.

पत्र घेऊन घाट चढून गेले तेव्हा तिचा बाप टोळीबरोबर गेलेला होता. होळीला परत येईल.

"पत्र तुझ्याकडे ठेव, आला की वाचून दाखव," मी म्हणाले.

"मी वाचलं तर तो म्हणेल, हिनेच लिहिलं. मास्तर बदलून गेले. तुम्ही या आणि तुम्हीच वाचा. होळीला सगळा पाडा जमतो." मग म्हणाली, "आणि मराठीत वाचून तो काय समजणार? पावरीत सांगावं लागेल."

मला पावरी येत नाही. डोंगरातल्या मुलींना इतकी वर्षं शिकवते, पण त्यांच्या बोलीतलं एक वाक्य कधी शिकले नाही. आता तिने मला चार वाक्यं फोनवर म्हणून पाठवली आहेत. मी ती देवनागरीत वहीत उतरवून घेतली, रोज सकाळी याद्या लिहायच्या आधी म्हणते आणि म्हणून तिला परत पाठवते. पहिली तीन तिला चालली. चौथं, ज्यात दोष कुणाचा ते आहे, तिला अजून पसंत नाही. मी ते घाईत म्हणते आणि शेवटचा शब्द गिळते, असं तिचं म्हणणं आहे.

आजही तिचा निरोप आला, पाठीमागे पोराचं रडणं ऐकू येत होतं. "मॅडम, चौथं चुकलं. पुन्हा म्हणा."